शेरीफच्या कमरेला नेमकं काय असायचं? अमेरिकन सरहद्दीवरची (पश्चिमेकडे नव्याने वसणाऱ्या मुलखातली) होल्स्टर्स, १८५० ते १९००

जुनी पानं

१८८३ च्या जूनमध्ये कॅन्सासमधल्या डॉज सिटीत काढलेला एक फोटो आहे. आठ पुरुष, चार बसलेले आणि चार मागे उभे. त्यात वायट अर्प आहे, बॅट मास्टरसन आहे, चार्ली बॅसेट आहे. तिघांनीही त्या भागात कधी ना कधी कायद्याचा बिल्ला लावलेला. पण आठांपैकी एकाच्याही कमरेला होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाची कातडी खोळ, दिसत नाही. नीटनेटके कोट घातलेले, जणू गावातल्या पेढीचे भागीदार. हा फोटो पाहिल्यावर माझ्या डोक्यातला शेरीफ, म्हणजे मांडीवर लोंबणारं पिस्तूल आणि त्याच्यावर तरंगणारा हात, पार मोडीत निघाला. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचतोय. खूप साठलंय, म्हणून धागा काढतो.

सुरुवात कमरेपासून होत नाही, खोगिरापासून होते. सॅम्युअल कोल्टला फिरत्या चक्रीच्या पिस्तुलाचं अमेरिकन पेटंट मिळालं १८३६ मध्ये. टेक्सास रेंजर्स या घोडेस्वार सुरक्षादलाचा सॅम्युअल वॉकर आणि कोल्ट यांनी मिळून १८४७ मध्ये जे पिस्तूल काढलं, त्याचं वजन दोन किलोंच्या आसपास होतं. ते कमरेला लावून दिवसभर कोण हिंडणार? ती पिस्तुलं जोडीने खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर, दोन बाजूंना लोंबणाऱ्या कातडी खोळींत असत. म्हणजे घोड्यावरून उतरलात की पिस्तूल घोड्यापाशीच राहिलं.

चित्र बदललं १८५१ च्या ‘नेव्ही’ पिस्तुलामुळे. वजन साधारण सव्वा किलो, कॅलिबर (नळीचं आतलं माप) .३६ इंच. हे कमरपट्ट्यावर झेपत होतं. १८४८-४९ मध्ये सोन्यापायी कॅलिफोर्नियात माणसांचा पूर आला होता. तिथल्या खोगीर करणाऱ्यांनी या पिस्तुलासाठी एक अरुंद, पिस्तुलाच्या अंगाबरोबर जाणारी खोळ शिवायला घेतली. संग्राहक तिला ‘कॅलिफोर्निया’ घाटाची किंवा ‘स्लिम जिम’ म्हणतात. एकच कातडं दुमडायचं, एका कडेने शिवायचं, मागे पट्ट्यासाठी एक अरुंद पट्टी. वर बहुतेक वेळा फुलापानांचं कोरीव काम. मला स्वतःला सगळ्यात देखणा वाटतो तो हाच घाट. नंतरच्या काळात सोय वाढली, पण ही सुबक रेघ पुन्हा क्वचितच दिसली.

लष्कराचं होल्स्टर वेगळ्याच वळणाचं. त्याला वरून मोठी झाकणी, पितळी गुंडीत अडकवायची. हा निव्वळ शिस्तीचा सोस नव्हता. तेव्हाच्या पिस्तुलात दारू आणि गोळी चक्रीत पुढून भरायची आणि मागे तांब्याच्या छोट्या टोप्या बसवायच्या. पाऊस लागला किंवा टोपी गळून पडली की बार फुसका. झाकणी त्या टोप्यांसाठी होती. घोडदळात ते होल्स्टर उजव्या कुशीला पण मूठ पुढे अशा बेताने लावत. तलवार डाव्या कुशीला, ती उजव्या हाताने उपसायची. मग पिस्तूल डाव्या हाताने आडवं काढता येतं, आणि तलवार नसेल तर उजवा मनगट उलटा वळवूनही. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं तेव्हा हजारो माणसं हे होल्स्टर घेऊन पश्चिमेकडे गेली. कित्येकांनी झाकणी सरळ कापून टाकली. तशी कापलेली होल्स्टर्स आजही संग्रहांत सापडतात.

१८७३ मध्ये कोल्टचं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ आलं आणि धातूच्या काडतुसांनी जुनी दारू-टोपी मागे सारली. आता पाण्याची भीती उरली नाही, झाकणीची गरज संपली. पण नवीन प्रश्न उभा राहिला. काडतुसं कमरपट्ट्यावरच ओळीने खोचायची, म्हणून पट्टा रुंद झाला, अडीच-तीन इंचांचा. स्लिम जिमच्या मागची अरुंद पट्टी त्यावर चढेना. यावर निघालेला तोडगा म्हणजे ‘मेक्सिकन लूप’. खोळीच्या मागे तेवढंच लांब कातडं सोडायचं, ते पाठीमागून खाली दुमडायचं आणि त्यात एक-दोन आडव्या चिरा पाडून खोळ त्या चिरांतून ओवायची. वरच्या दुमडीतून पट्टा जातो, कितीही रुंद असो. १८७० च्या दशकानंतर टेक्सासपासून मोंटानापर्यंत जे होल्स्टर सर्वत्र दिसतं ते हेच.

आणि ही खोळ खोल होती. पिस्तुलाचा बराचसा भाग आत, चापही बहुतेक झाकलेला, बाहेर मूठ आणि घोडा (आपटून बार उडवणारा पिस्तुलाचा भाग). पट्ट्याजवळ, उंच. माझं म्हणणं एवढंच आहे की हे होल्स्टर बनवणाऱ्याच्या आणि वापरणाऱ्याच्या मनात पहिली काळजी एकच होती: पिस्तूल पडता कामा नये. दिवसभर घोड्यावर, झुडपांतून, नदी ओलांडताना ते जागच्या जागी राहिलं पाहिजे. क्षणार्धात उपसणं ही नंतरच्या काळाने त्याच्यावर लादलेली कामगिरी आहे.

---

सह्यकडा

सुंदर लेख. पण शेवटचं वाक्य पटायला जड जातंय. मांडीला वादीने बांधलेलं, कमरेखाली लोंबणारं होल्स्टर मग आलं कुठून? काहीच नसताना सिनेमावाल्यांनी हवेतून काढलं?

---

जुनी पानं

सह्यकडा, हवेतून नाही, पण नंतर. पट्ट्यालाच खाली एक जीभ काढून, तिच्यात चीर पाडून होल्स्टर त्यातून लोंबवायचं, या रचनेला ‘बुस्कादेरो’ म्हणतात. ती विसाव्या शतकातली, १९२० च्या आसपासची, आणि टेक्सासच्या सॅम मायर्स या खोगीर करणाऱ्याचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. सरहद्दीचा काळ तोवर आटोपला होता. पडद्यावर जे विजेसारखं पिस्तूल निघतं त्यामागे आणखी एक नाव आहे, आर्वो ओहाला. हॉलिवूडमध्ये नटांना पिस्तूल काढायला शिकवणारा हा माणूस. त्याने १९५० च्या दशकात कातड्याच्या दोन थरांमध्ये धातूचा पत्रा घातलेलं होल्स्टर बनवलं. पत्र्यामुळे आतली पोकळी आवळली जात नाही, म्हणून पिस्तूल आत असतानाच घोडा ओढला तरी चक्री फिरते. जुन्या होल्स्टरमध्ये हे जमणंच अवघड, कारण पिस्तुलाच्या मापाने घट्ट बसलेलं कातडं चक्रीला धरून ठेवतं. पडद्यावरचा तो वेग धातूच्या पत्र्यातून आलाय.

‘पडता कामा नये’ हे मी का धरून बसलोय त्याचं उदाहरण खुद्द वायट अर्पचं. जानेवारी १८७६, विचिटा. अर्प तिथे पोलीस होता. एका सलूनच्या मागच्या खोलीत दोघा-तिघांबरोबर बसला असताना त्याचं पिस्तूल होल्स्टरमधून निसटलं, खाली पडताना घोडा बहुधा खुर्चीवर आपटला आणि बार उडाला. गोळी त्याच्या कोटातून आरपार गेली, उत्तरेच्या भिंतीवर आदळली आणि छतातून बाहेर. गावच्या वर्तमानपत्राने ही बातमी छापली होती. त्या पिस्तुलाचा घोडा चक्रीतल्या भरलेल्या घरावर टेकलेला होता. म्हणूनच जाणती माणसं सहापैकी पाचच घरं भरत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवत. कित्येक होल्स्टरांवर घोड्याला अडकवायला बारीक वादीचा फास असे, त्याचंही कारण हेच.

---

आरी आणि रापी

मी कातडी कामातला माणूस, पट्टे आणि पिशव्या हाताने शिवतो. इतिहास तुम्ही सांगताय, मी कातड्याबद्दल लिहितो.

होल्स्टरला सालीत कमावलेलंच कातडं लागतं. अमेरिकेत पूर्वेकडे ओकची आणि हेमलॉकची साल वापरत, हेमलॉकने कातडं लालसर होतं. कॅलिफोर्नियात टॅनओक नावाचं झाड होतं, सांताक्रूझच्या बाजूला त्यावर मोठे कारखाने चालले. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावतात, त्याच जातीची ही रीत. साल वेगळी, गुण तोच: असं कातडं ओलं केलं की मऊ पडतं आणि वाळताना दिलेला आकार धरून बसतं. ओल्या खोळीत पिस्तूल दाबून बसवायचं, बोटांनी आणि हाडाच्या पट्टीने चक्रीचा फुगवटा, नळीची रेघ उठवून घ्यायची, वाळू द्यायचं. ती खोळ मग त्याच पिस्तुलाची. क्रोममध्ये कमावलेलं कातडं लवचीक राहतं, आकार असा धरत नाही.

दुसरं म्हणजे शिवण. जुन्या खोळींची मुख्य शिवण मागच्या कडेला असते आणि ताण सगळा तिच्यावर येतो. नळीचं टोक आणि नेम धरायची पुढची माशी आतून सतत घासत असते. चांगल्या कारागिराने तिथे दुहेरी कातडं किंवा मध्ये एक पट्टी घातलेली दिसते. वायोमिंगमधल्या शायेनच्या कारागिरांचं मला फार कौतुक आहे. त्यांच्या खोळीचं खालचं तोंड उघडं नसतं, थेंबाच्या आकाराचा कातड्याचा तुकडा बसवून ते बंद केलेलं असतं. खोगिरावर बसताना नळीत धूळ-चिखल शिरू नये म्हणून. एवढ्या छोट्या तुकड्याला चारी बाजूंनी टाके घालणं किती किचकट आहे ते आरी हातात धरणाऱ्यालाच कळेल. एफ. ए. मीनिया हे तिथलं मोठं नाव, त्याचा शिक्का असलेली खोळ आज संग्राहक जपून ठेवतात.

ही सगळी माणसं मुळात खोगीर करणारी. होल्स्टर हा त्यांचा जोडधंदा, म्हणून खोगिरावरचीच फुलं खोळीवर उतरलेली दिसतात.

---

पूर्वा_वाचते

किती छान माहिती! एक शंका. बिली द किड हा नामचीन गुन्हेगार डावखुरा होता ना? त्याच्या एकुलत्या एका प्रसिद्ध फोटोत पिस्तूल डाव्या कुशीला आहे. डावखुऱ्यांसाठी वेगळी होल्स्टर्स मिळायची का?

---

जुनी पानं

पूर्वा, तो फोटो टिनटाइप आहे, लोखंडी पत्र्यावर थेट उमटवलेला. टिनटाइप आरशातल्यासारखा उलटा येतो. पुरावा फोटोतच आहे: त्याच्या हातातली विंचेस्टर १८७३ रायफल. तिच्यात काडतूस भरायची फट उजव्या अंगाला असते, फोटोत ती डावीकडे दिसते. म्हणजे फोटो उलटा. पिस्तूल त्याच्या उजव्याच कुशीला होतं. कित्येक वर्षं हा गैरसमज छापला जात राहिला. होल्स्टरचा अभ्यास करणाऱ्याने जुना फोटो पाहताना आधी कोटाची बटणं, रायफलची बाजू तपासायची असते, मगच निष्कर्ष.

आणखी एक सावधगिरी: स्टुडिओतल्या फोटोंत शस्त्रं पुष्कळदा छायाचित्रकाराची असत, गिऱ्हाइकाला रुबाबासाठी हातात दिलेली. म्हणून फोटोपेक्षा न्यायालयातल्या जबान्या आणि दुकानदारांची पत्रं मला जास्त भरवशाची वाटतात.

बिलीला गोळी घालणारा शेरीफ पॅट गॅरेट. ती घटना १४ जुलै १८८१ ची, न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरची. गॅरेटचं ते कोल्ट २०२१ मध्ये लिलावात साठ लाख डॉलरच्या वर गेलं.

---

ऑस्टिनवासी

टेक्सासमध्ये राहतो, म्हणून थोडी भर. वेकोला टेक्सास रेंजर्सचं संग्रहालय आहे, इकडे येणाऱ्यांनी चुकवू नये. तिथली होल्स्टर्स काचेपलीकडून पाहताना एक गोष्ट मनात ठसते: ती झिजलेली आहेत. पडद्यावरच्यासारखी काळी चकचकीत नाहीत. कडा गुळगुळीत, कोरीव फुलं पुसट, घामाने काळवंडलेला पट्टा.

एल पासोचा एक मार्शल, म्हणजे गावचा पोलीस प्रमुख, होता, डॅलस स्टाउडनमायर. १८८१ च्या एप्रिलमध्ये नोकरीला लागून आठवडाही झाला नसेल, तोवर भर रस्त्यात काही सेकंदांत चार माणसं मेलेल्या चकमकीत तो होता. हा गडी होल्स्टर वापरतच नसे असं नोंदलेलं आहे. विजारीच्या मागच्या खिशांना आतून कातड्याचं अस्तर लावून घेतलं होतं, त्यात दोन पिस्तुलं.

त्याच एल पासोत चाळीस वर्षांनी टॉम थ्रीपर्सन्स नावाच्या पोलिसाने सॅम मायर्सकडून आपल्या मनाप्रमाणे होल्स्टर करून घेतलं. कातडं कमीत कमी, चापाभोवतीचा भाग मोकळा, पिस्तूल उंच आणि मूठ किंचित पुढे झुकलेली. त्या घाटाची होल्स्टर्स अजून विकली जातात. झटपट काढण्याचा खरा विचार पोलिसांच्या कातडी सामानात मला इथे दिसतो, म्हणजे मोटारींच्या काळात.

---

निशाण

मला जुनी पानं यांचं मत एकांगी वाटतंय. वाइल्ड बिल हिकॉकचं काय? १८७१ मध्ये कॅन्सासमधल्या ॲबिलीनचा मार्शल, दोन नेव्ही पिस्तुलं, हस्तिदंती मुठी पुढे. तो मनगट उलटं वळवून काढत असे आणि त्या काळच्या माणसांनी त्याच्या वेगाची वाखाणणी केलेली आहे. मुठी पुढे ठेवण्यामागे वेगाचाच विचार होता. इंडियन टेरिटरीत (आजच्या ओक्लाहोमात) डेप्युटी मार्शल असलेला बास रीव्ह्ज, गुलामगिरीत जन्मलेला आणि पुढे तीन हजारांवर अटका नावावर सांगितल्या जाणारा, त्याच्याही पिस्तुलांच्या मुठी पुढे असत असं वर्णन वाचलंय. या माणसांचा जीव एका क्षणावर होता. होल्स्टर फक्त ‘पिस्तूल पडू नये’ म्हणून असतं, हे त्यांना कसं पटावं?

---

जुनी पानं

निशाण, हिकॉकबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, तो वेगवान होता. पण तो पिस्तुलं कशात ठेवायचा ते बघा. पुष्कळदा नुसता कमरपट्टा किंवा रंगीत शेला, त्यात पिस्तुलं खोचलेली. खोळ नाहीच. १८६५ मध्ये स्प्रिंगफील्डच्या चौकात त्याने डेव्हिस टटला मारलं ते सुमारे पंचाहत्तर यार्डांवरून. एवढ्या अंतरावर नेम कामाला येतो, पिस्तूल कोणी आधी उपसलं याला फारशी किंमत राहत नाही.

ज्या चकमकीवर सगळ्यात जास्त सिनेमे निघाले ती घ्या. टूमस्टोन, ॲरिझोना, २६ ऑक्टोबर १८८१. गावात शस्त्र बाळगायला बंदी करणारा ठराव होता आणि त्याच्या अंमलबजावणीवरून सगळं पेटलं. नंतर न्यायाधीश वेल्स स्पायसरपुढे सुनावणी झाली, त्यातल्या जबान्या आज वाचायला मिळतात. वायट अर्पने सांगितलं की शेरीफ बेहनने ‘मी त्यांची शस्त्रं काढून घेतलीत’ म्हटल्यावर त्याने हातातलं पिस्तूल ओव्हरकोटाच्या खिशात टाकलं. वायटचा भाऊ, मार्शल व्हर्जिल अर्प, याचं पिस्तूल विजारीत कमरेला खोचलेलं होतं, तेच ऐकून त्याने ते डाव्या कुशीकडे सरकवलं आणि हातात काठी धरली. ती काठी अर्प बंधूंचा साथीदार डॉक हॉलिडे याची. तिच्या बदल्यात हॉलिडेच्या लांब कोटाखाली शॉटगन. कायद्याच्या बाजूने जी माणसं गेली, त्यांच्या या वर्णनात होल्स्टर कुठे येतच नाही! पुढच्या अर्ध्या मिनिटात तीसेक गोळ्या झाडल्या गेल्या, तिघे मेले.

आणि त्याच दिवशी सकाळी व्हर्जिलने विरुद्ध बाजूच्या आयक क्लँटनच्या डोक्यात पिस्तूल हाणून त्याला पकडलं होतं. गावातल्या मार्शलचं रोजचं काम हे होतं: दारू प्यायलेल्या माणसाजवळ जायचं, नळीचा तडाखा द्यायचा, कोठडीत टाकायचं. त्याला हाताच्या अंतरावर पिस्तूल लागे. म्हणून गावात खिसा, कमरेची विजार, कोटाखालची छोटी खोळ. बॅट मास्टरसनने जुलै १८८५ मध्ये कोल्ट कंपनीला लिहिलेलं मागणीपत्र टिकून आहे. निकेलचा मुलामा, चाप अगदी हलका, पुढची माशी जरा उंच आणि जाड, आणि नळी रिकामी काडतुसं ढकलणाऱ्या दांडीएवढीच, म्हणजे पावणेपाच इंच. साडेसात इंची नळी कोटाखाली अवघड, हे त्याला कळत होतं.

गावाबाहेर, फरारी माणसाच्या मागावर निघाला की तोच मार्शल रुंद पट्टा आणि खोल मेक्सिकन लूप बांधत असणार, आणि भरवसा मात्र रायफलवर. पिस्तुलाचं काम तिथे रायफलनंतरचं. म्हणून मी ‘शेरीफचं होल्स्टर’ असं एकच काही मानत नाही. गावातलं वेगळं, माळावरचं वेगळं.

---

निशाण

हा गाव आणि माळ फरक मान्य. हिकॉकवर मात्र मी ठाम आहे; खोळच न वापरणं हादेखील वेगाचाच निर्णय होता.

---

आरी आणि रापी

निशाण यांच्या मुद्द्याला जोडूनच. खोळ टाकून देण्याचा प्रयत्न एका शेरीफनेच पेटंट घेऊन केला होता. टेक्सासमधला लुईस फ्लॅटाऊ, पेटंट १८८२ चं. कमरपट्ट्यावर पोलादी पट्टी, तिला दोन दाते. पिस्तुलाच्या घोड्याचा स्क्रू काढून तिथे मोठ्या डोक्याचा स्क्रू बसवायचा आणि ते डोकं दातांमधल्या खाचेत सरकवायचं. पिस्तूल पट्ट्याला उघडंच लटकतं. खाचेतच नळी वर करून झाडताही येतं. ब्रिजपोर्टच्या एका कंपनीने ते बनवलं, लष्कराने चाचणीसाठी पाचशे मागवले आणि शेवटी नाकारले. कारागीर म्हणून मला कारण समजतं: उघड्या पिस्तुलाला धूळ, पाऊस, काटे सगळं लागणार, आणि सगळा भार एका स्क्रूवर.

---

सह्यकडा

वा, हे तर अजिबात माहीत नव्हतं. शेवटची शंका: पट्ट्यात महिनोन्महिने खोचलेली काडतुसं खराब होत नव्हती का?

---

आरी आणि रापी

व्हायची. सालीत कमावलेल्या कातड्यातलं आम्ल तांब्या-पितळेला लागलं की हिरवा चिकट थर चढतो. थर जाड झाला की काडतूस कातड्याच्या घरातून निघेना, निघालं तर चक्रीत बसेना. लष्करातल्या ॲन्सन मिल्सने यावर पुढे विणलेल्या कापडी पट्ट्यांचा उपाय काढला, काडतुसांची घरंसुद्धा मागावरच विणलेली. ते लष्कराने उचललं. मुलकी माणसं, शेरीफ धरून, बहुतांशी कातड्यालाच चिकटून राहिली, कारण रुंद पट्टा दुहेरी शिवून आत पैसे ठेवायला पोकळी करता येत असे. ज्यांना काळजी होती ते काडतुसं अधूनमधून काढून पुसत आणि घरांना चरबी चोळत. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या शिकारी पट्ट्यांवर तो हिरवा थर अजून सापडतो. लाकडी काडीने खरवडायचा, ओल्या फडक्याने नाही, नाहीतर डाग कातड्यात खोल मुरतो.